शिंपटी, दही आणि पत्रावळ : हट्टी मुलांवरचे उपचार आणि ‘श्यामची आई’

त्र्यंबकेश्वरात बोलायचं म्हटलं की विषय दोषाकडे वळणारच. देशभरातून माणसं इथे शांती करायला येतात, आणि विधीच्या आधी ठरवायचं असतं ते हे की दोष कशाचा. आजचा आपला विषय सतत उलट वागणारी मुलं आणि त्यांच्यावरचे मानसोपचार. तिथेही पहिला प्रश्न तोच. त्यासाठी मी आज एक पुस्तक वाचायला घेतलंय. ते इथून जवळच, नाशिकच्या तुरुंगात, १९३३ साली लिहिलं गेलं : साने गुरुजींचं ‘श्यामची आई’.

आधी विकाराबद्दल. त्याचं नाव ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर, थोडक्यात ओडीडी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा विकार १९८० साली आला आणि आजचं नाव त्याला १९८७ साली मिळालं. २०१३ च्या आवृत्तीत आठ लक्षणं आहेत. वारंवार भडकणं, मोठ्यांशी वाद घालणं, सांगितलेलं करायला नकार देणं, मुद्दाम डिवचणं, स्वतःच्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडणं, सूड घेणं, अशी ती यादी. त्यांतली निदान चार लक्षणं सहा महिने तरी दिसायला हवीत, आणि तीही भावंडं सोडून दुसऱ्या कुणाशी तरी. म्हणजे नुसती भावाबहिणींची मारामारी असेल, तर निदान होत नाही.

आता तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं ही यादी वाचली की एक गोष्ट त्याला खटकतेच. आज्ञा मोडायची तर आधी कुणीतरी ती दिलेली असली पाहिजे. वाद घालायला समोर माणूस लागतो. यातली बहुतेक लक्षणं दोघांच्या मधली आहेत, आणि केसपेपरवर नाव मात्र एकाचंच, मुलाचं. विकार खोटा आहे, असं मी म्हणत नाही. अशी मुलं असतात. त्यांची शाळा सुटते, मित्र तुटतात, आईबाप थकून जातात. माझा आक्षेप केसपेपरावर आहे.

आता पुस्तकाकडे येऊ. ‘मुलांना वळण कसं लावावं’ असं कुणी विचारलं की आपल्याकडे हमखास पोहण्याचं प्रकरण सांगितलं जातं. श्याम पाण्याला भितो, पोहायला जायला तयार नाही, लपून बसतो. आई शिंपटी घेते, मारते आणि विहिरीवर पाठवते. श्याम पोहायला शिकतो. घरी आल्यावर तीच आई त्याला जवळ घेते, त्याच्यासाठी दही ठेवलेलं असतं. मुलगा भित्रा राहू नये, लोकांनी त्याला भित्रा म्हणू नये, असं तिला वाटत असतं.

हे प्रकरण सांगून मुलांवर हात उगारणारे पालक मी पुष्कळ पाहिलेत. ‘आम्हीही मार खाल्लाय, आमचं काय बिघडलं?’ हा त्यांचा युक्तिवाद. तर्कशास्त्रात याला फार किंमत नाही. गोष्ट सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, आईला आठवून तो कृतज्ञ आहे. त्याची कृतज्ञता खरी आहे, पण ती आईबद्दलची आहे. शिंपटीची परिणामकारकता तिच्यावरून सिद्ध होत नाही. दुसरं, श्यामचा नकार भीतीतून आलेला होता. बाहेरून तो हट्टासारखा दिसला. आजचा चांगला मानसोपचारतज्ज्ञ इथेच थांबतो आणि आधी विचारतो : हे मूल घाबरलंय का? अभ्यास जमत नाही का? लक्ष टिकत नाही का? ओडीडीबरोबर एडीएचडी पुष्कळदा आढळतो, म्हणून तो तपासावाच लागतो. तिसरं, ‘लोक काय म्हणतील’ हे कारण मोठ्यांचं आहे, मुलाचं नाही. एवढ्या थोर पुस्तकातली ही एक कच्ची जागा आहे, आणि प्रेमानं वाचणाऱ्यानंही ती कच्चीच म्हणावी.

आता दुसरं प्रकरण, पत्रावळीचं. हे कुणी फारसं सांगत नाही. श्यामला पत्रावळ लावता येत नाही, तो शिकायची टाळाटाळ करतो. घरात नियम होतो : पत्रावळ लावायची, मगच जेवायचं. श्याम रुसतो, हट्टाला पेटतो. नियम कडक आहे, मूलही कडक आहे. कोंडी झाली.

ही कोंडी कशी घट्ट होत जाते, हे जेराल्ड पॅटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं फार बारकाईनं दाखवलं. आई सांगते, मूल ओरडतं. आई वैतागून सोडून देते, मूल गप्प होतं. मूल शिकतं की ओरडलं की सुटका होते. आई शिकते की सोडून दिलं की शांतता मिळते. दुसऱ्या दिवशी आई आणखी मोठ्यानं ओरडते, कधी मारते, आणि मूल ऐकतं. मग आईही शिकते की मारल्याशिवाय जमत नाही. दोघं एकमेकांचे शिक्षक होतात, आणि दोघंही चुकीचा धडा देतात. म्हणून या विकारावरचे सगळ्यात जास्त तपासलेले उपचार आईवडिलांच्या प्रशिक्षणाचे आहेत. शीला आयबर्ग यांच्या पद्धतीत आई मुलाबरोबर खेळते, तज्ज्ञ आरशाच्या काचेपलीकडून पाहतो आणि आईच्या कानातल्या यंत्रातून तिला सुचवत राहतो. पहिला टप्पा फक्त खेळाचा आणि कौतुकाचा, त्यात मुलाला हुकूम द्यायचा नाही. शिस्तीचा टप्पा त्यानंतरचा.

‘श्यामची आई’ अख्खं वाचलं तर त्यातल्या बहुतेक रात्री या पहिल्या टप्प्याच्याच आहेत. शिंपटी उचलणारे पालक एक पान वाचतात आणि बाकीचं पुस्तक सोडून देतात.

पत्रावळीची कोंडी सोडवते ती श्यामची मोठी बहीण, अक्का. ती त्याची समजूत घालते, जवळ बसून शिकवते. पान कसं धरायचं, चोय कुठे टोचायची. श्याम पत्रावळ लावतो आणि तिच्यावर जेवतो. नियम मोडला नाही, मूलही मोडलं नाही.

रॉस ग्रीन यांचं ‘द एक्स्प्लोसिव्ह चाइल्ड’ १९९८ साली आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मुलाला जमत असतं तर त्यानं केलंच असतं. जिथे ते अडतं तिथे कुठली तरी क्षमता कमी पडतेय. ती शोधा आणि मुलाला सोबत घेऊन मार्ग काढा. ही पद्धत आणि पालक-प्रशिक्षण यांची तुलना करणारा अमेरिकन अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही साधारण सारख्याच उपयोगी ठरल्या. मला त्यात विरोध दिसत नाही. अक्कानं दोन्ही केलं. नियम राहू दिला आणि नियम पाळायचं कौशल्य हातात दिलं.

या उपचारांवरही माझी टीका आहे. बक्षिसाचे तारे, गुणांचे तक्ते यांतून मूल ऐकायला लागतं, पण का ऐकायचं हे त्याला कळतंच असं नाही. आज्ञाधारकपणा आणि संमती यांत अंतर आहे. सगळ्याला हो म्हणणारं मूल बरं झालं, असं मी मानणार नाही. उद्या कुणी वाईट माणसानं काही करायला सांगितलं, तर त्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. उपचारानं ते ‘नाही’ पुसून टाकायचं नाही, नेमक्या जागी म्हणायला शिकवायचं. आणि विसरू नका, हे पुस्तक लिहिणारा माणूस सरकारची आज्ञा मोडूनच तुरुंगात बसला होता!

शाळेतला मार २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं बंद केला. घरातला कायद्यानं लगेच थांबेल असं वाटत नाही. तोवर एवढं करा. मूल अडून बसलं की हात उचलण्याआधी विचारा : याला पत्रावळ लावायची नाहीये, की लावता येत नाहीये? येत नसेल तर शेजारी बसा. सहा महिने बसूनही घर पेटलेलंच राहिलं, तर मुलाला एकट्याला तज्ज्ञाकडे पाठवू नका. सोबत तुम्हीही जा आणि तुमचंही नाव त्या केसपेपरवर लिहायला सांगा.

आता तुमचे प्रश्न घेतो.