सवयीचे जीवनमान

अंतरिम पोटगी म्हणजे खटला निकाली निघेपर्यंत चूल पेटती ठेवणारी रक्कम. 'रजनेश विरुद्ध नेहा' (४ नोव्हेंबर २०२०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांकडून मिळकतीचे प्रतिज्ञापत्र मागितले, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली, बायको कमावती असली तरी तिचा हक्क बुडत नाही असे बजावले. हे मोलाचेच. पण प्रतिज्ञापत्राचा नमुना वाचताना पगारदार नवराच डोळ्यांपुढे येतो: बँकखाते, आयकर, गुंतवणूक. नाक्यावर उभा राहणारा आमचा बिगारी त्यात काय लिहिणार? मग कोर्ट अंदाज बांधते.

माझ्या मावशीच्या वेळी मी तिच्याशेजारी उभी होते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याचे २०वे कलम रक्कम पुरेशी व न्याय्य असावी म्हणते. तिच्या सवयीच्या जीवनमानाशी सुसंगत असावी, असेही म्हणते. समोरच्या वकिलाने नेमका हा दुसरा तुकडा उचलला. पत्र्याच्या खोलीत राहणारी, धुणीभांडी करणारी बाई. तिला असे लागते किती? बंगल्यातल्या बाईला सावरणारे शब्द मावशीला तळाशी खिळवत होते. ती 'सवय' तिला जातीने आणि नवऱ्याच्या दारूने लावली, हे कोण विचारणार? हिशेब 'पुरेशी' या शब्दापासून सुरू व्हायला हवा: तांदूळ, भाडे, पोरांची फी, औषध. मावशीने ही यादी वहीच्या पानावर लिहून नेली होती. ती मागावी असे कोणालाच सुचले नाही, आमच्या वकिलालासुद्धा.