मुखातील कर्करोगपूर्व विकृती व प्रथिन-चिन्हकांच्या मर्यादा

हुडकेश्वर असो वा नागपूरचा अन्य कोणताही भाग, पानठेल्यावर पन्नीत घोटला जाणारा खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना यांचे मिश्रण होय. सुपारीमुळे उद्भवणाऱ्या, तोंड उघडणेही दुष्कर करणाऱ्या तंतुमयतेचे वर्णन भारतात एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच केले होते. अशी कोणती विकृती कर्करोगात परिणत होईल, हे जाणण्यासाठी पी-५३ व केआय-६७ या प्रथिनांचा ऊतींतील आढळ तपासला जातो. निरोगी श्लेष्मल त्वचा, पांढरा चट्टा व कर्करोग यांत तो क्रमाने वाढतो, असा निष्कर्ष अनेक निबंधांत आढळतो. परंतु हे तीन गट बहुधा वेगवेगळ्या रुग्णांचे असतात. एकाच रुग्णाचा चट्टा पुढे कोणते वळण घेतो, हे त्यातून कळत नाही. गटांच्या सरासरीतील फरक म्हणजे व्यक्तीविषयीचे भाकीत नव्हे. शिवाय काही उत्परिवर्तनांत पी-५३ प्रथिन तयारच होत नाही. तेथे छेदावर रंग न चढणे हे निर्धोकतेचे लक्षण मानणे घातक ठरेल. केआय-६७ तर साध्या दाहातही वाढते. वर्षानुवर्षे रुग्णांचा मागोवा घेणारे अभ्यास कष्टाचे, म्हणून विरळ. साठवलेल्या छेदांवर निबंध लवकर सिद्ध होतो, हेही खरेच. परिणामी बायोप्सीतील पेशीविकृतीची प्रत हाच चिकित्सकाचा मुख्य आधार उरतो, आणि तीवरही दोन विकृतिशास्त्रज्ञांचे एकमत होतेच असे नाही.