सलग वळचण

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात ककमिअर नदीकाठी आल्फ्रिस्टन गाव आहे. तिथले 'क्लर्जी हाउस' हे गवताने शाकारलेले लाकडी घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १८९६ साली अवघ्या १० पौंडांना घेतले. संस्थेने विकत घेतलेली ही पहिली इमारत, आणि त्या कौतुकात घराकडे बघायचेच राहून जाते.

बघायचे ते वळचणीखाली. घर 'वीलडन' घाटाचे. या घाटात मधोमध जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळा हॉल आणि दोन्ही टोकांना दुमजली खोल्या असतात. माळ्याच्या कड्या खालच्या भिंतीच्या पुढे काढलेल्या, त्यामुळे टोकांचा वरचा मजला रस्त्याकडे झुकलेला. हॉलला माळाच नाही, मग पुढे काढणार काय? तिथली भिंत मागेच राहते. इथे सुताराची पंचाईत होते. भिंतीच्या मागेपुढे जाण्याबरोबर छप्परही मोडत न्यावे, तर गवताच्या छपरात प्रत्येक मोड म्हणजे पाणी मुरायची जागा. म्हणून त्याने टोकांच्या रेषेतली तुळई तशीच हॉलपुढून नेली आणि वासे तिच्यावर टेकवले. भिंतीपासून सुटलेल्या या तुळईला शेजारच्या खोल्यांच्या अंगातून निघालेले ओकचे वाकडे टेकू सावरून धरतात. अशा टेकूंना सुतार बहुधा मुळातच वाकडे वाढलेले लाकूड निवडत. सरळ ओंडक्यातून बाक कापला तर लाकडाची रेषा तुटते आणि जोर जातो. मला हे घर आवडते ते या टेकूंसाठी. छप्पर सरळ, भिंत आत, मध्ये गडद सावलीचा पट्टा. नक्षी न करता दर्शनी बाजू सजली आहे.

आणि याचे मूळ आहे चुलीत. चौदावे शतक सरण्याच्या सुमारास अशा घरांत आग हॉलच्या मधोमध पेटे. धुराडे नव्हते, धूर वर चढे आणि छपराच्या फटींतून वाट काढी. डोक्यावर माळा घातला असता तर माणसे घुसमटली असती. धुरासाठी हॉल उंच ठेवला, म्हणून भिंत मागे राहिली, म्हणून तुळई अधांतरी झाली. पुढे धुराडी आली तशी या मोकळ्या उंचीची गरज संपली, आणि पुष्कळ ठिकाणी लोकांनी हॉलवर माळे घातले.

भिंतींवर भार नाहीच. तो सगळा लाकडी सांगाड्यावर, खुंट्या ठोकून जखडलेल्या सांध्यांवर. मधल्या चौकटी काठ्या विणून, माती-शेणाने लिंपून भरायच्या. कोकणातला कूड पाहिलेल्याला हे वेगळे समजावायला नको. जमीन मात्र त्या भागाची खासियत: खडूचा दगड कुटून धुमसलेली आणि आंबलेल्या दुधाने घट्ट केलेली.

पाहुणे हॉलच्या कोपऱ्यातले कोरलेले ओकचे पान शोधतात. ट्रस्टचे बोधचिन्ह त्यावरून सुचले असे म्हणतात. पान छानच आहे, पण त्यासाठी रांग लावावी असे नाही.

ट्रस्टने घर घेतले तेव्हा ते पडायला आले होते. दुरुस्ती वास्तुकार आल्फ्रेड पॉवेल यांनी केली. ते विल्यम मॉरिसने १८७७ साली स्थापन केलेल्या वास्तुरक्षक संस्थेच्या पंथातले: जुने तगवावे, नवेकोरे करू नये. गवताला मात्र हा नियम लावता येत नाही, ते काही दशकांनी बदलावेच लागते. शाकारणारा एका टोकाकडून निघतो आणि भिंत कुठे आत गेली आहे हे त्याला वरून कळतही नाही.