उड्डाणपुलाचा पायथा

ग्रंथाचें, नाटकाचें, चित्राचें परीक्षण आपल्याकडे होतें. रस्त्याचें होत नाहीं. वस्तुतः रस्ता हीही एक रचनाच आहे. कोणी तरी तो कागदावर आखतो, आखतांना कोणा तरी माणसाची सोय त्याच्या मनांत असते, आणि तो माणूस कोण हें रचनेवरून सहज ओळखतां येतें. या दृष्टीनें भायखळ्याचा रस्ता तपासून पाहावा असें आम्हांस वाटतें.

भायखळा स्टेशनच्या जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार झाला आणि २०२२ सालीं त्यास युनेस्कोचें आशिया-पॅसिफिक विभागाचें पारितोषिक मिळालें. हें कौतुक यथार्थच आहे. पण पूर्वेच्या बाजूस उतरून राणीच्या बागेकडे निघालेल्या कुटुंबास तें फार वेळ आठवत नसावें. बाग १८६२ पासून लोकांस खुली आहे, शेजारींच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, आणि सुटीच्या दिवशीं लेकरांचे हात धरून येणारांची तेथें रीघ लागते. या मंडळींस डॉ. आंबेडकर रस्ता ओलांडावा लागतो. आणि २०११ सालीं खुला झालेला लालबागचा उड्डाणपूल परळकडून येऊन याच परिसरांत जमिनीस टेकतो. पुलावर सिग्नल नाहीं, वाटेंत माणूस नाहीं. तेथें अंगवळणी पडलेला वेग घेऊनच वाहन उताराला लागतें. चाकें जमिनीवर येतात तरी चालकाचें मन अद्याप पुलावरच असतें. जेथें मुलें सर्वांत अधिक, तेथेंच वेगाचा उतार आणून सोडावयाचा, ही योजना कोणत्या विचारानें झाली हें आम्हांस उमगत नाहीं.

दक्षिणेकडे जे. जे. रुग्णालयाजवळ दुसऱ्या पुलाचें टोंक आहे. २००२ सालीं खुला झालेला, सुमारें अडीच किलोमीटर लांबीचा हा पूल महंमदअली रस्त्यावरील दाट वस्तींतून, घरांच्या खिडक्यांलगत, वळणें घेत जातो. त्यांतील स्थापत्यकौशल्य आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्याच्या वळणांवर दुचाकीस्वार मरूं लागले तेव्हां उपाय कोणता झाला? २०१० सालीं दुचाकींस पुलावर मज्जाव झाला. पूल होता तसाच राहिला, दुबळा तेवढा खालीं उतरविण्यांत आला. २००८ पासून शहरांत ठिकठिकाणीं उभारलेल्या स्कायवॉकांची तऱ्हा याच्या उलट, पण तर्क तोच: तेथें पायीं चालणारास वर चढविलें. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईनें जिने चढावे, म्हणजे मोटारीस थांबावें लागणार नाहीं! या भागांतील पुलांच्या गर्दींत खडा पारशी मात्र आपल्या उंच खांबावर निर्धास्त उभा आहे. भायखळ्यांत इतक्या निश्चिंतपणें उभें राहण्यास तेवढीच उंची लागत असावी.

यावर ठराविक उत्तर असें येतें कीं, लोकांस शिस्त नाहीं, ते पदपथ सोडून रस्त्यावरून चालतात. आम्ही विचारतों, पदपथ आहे कोठें? पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर असावी व त्याची उंची १५० मिलिमीटरांहून अधिक नसावी, असें इंडियन रोड्स काँग्रेसनें २०१२ सालींच लिहून ठेवलें आहे. ज्या पदपथावर कोठें विजेची पेटी, कोठें झाड, कोठें उभी केलेली मोटार असते, तेथून माणूस खालीं उतरतो तो बेशिस्तीनें नव्हे, निरुपायानें. २०२२ या एका वर्षांत भारतांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं; त्यांत ३२,८२५ पादचारी होते. इतकीं सारीं माणसें केवळ स्वतःच्या निष्काळजीपणानें मेलीं असें म्हणण्यास मोठेंच धाडस हवें.

हॉलंडांत १९७१ सालीं तीन हजारांवर लोक असेच मेले, त्यांत चारशेंवर मुलें होतीं. तेथील आईबाप रस्त्यावर उतरले, आणि सायकलींचा देश म्हणून आज जो आपण वाखाणतों तो त्यानंतरच्या वर्षांत घडत गेला. स्वीडनच्या पार्लमेंटनें १९९७ सालीं तर असें तत्त्व मान्य केलें कीं, माणूस चुकणारच. त्याची चूक प्राणघातक ठरूं नये ही जबाबदारी रस्ता आंखणाराची. आमच्या मतें सगळ्या वादाची मेख येथें आहे. आपल्याकडे अपघात झाला कीं चालकाचें नांव निघतें, मेलेल्याची चूक निघते. आराखड्याचें नांव कोणी घेत नाहीं.

राणीच्या बागेसमोर फार कांहीं अद्भुत करावयास नको. पुलाचा उतार संपतां संपतां रस्ता अरुंद करावा, म्हणजे चालकाचा पाय आपोआप ब्रेककडे जाईल. ओलांडण्याची जागा पदपथाच्या पातळीस आणावी, मध्यें थांबण्यास रुंद ओटा ठेवावा, आणि सिग्नलचा वेळ म्हाताऱ्या माणसाच्या चालीनें मोजावा. बसथांब्यापाशीं पदपथ थोडा पुढें काढावा. आज कडेला उभ्या असलेल्या मोटारींमुळें बस रस्त्याच्या मध्यावर थांबते, आणि कडेवर मूल घेतलेल्या बाईस धांवत्या वाहनांतून वाट काढीत तिच्या पायरीपर्यंत जावें लागतें.