‘धीमहि’ आणि मंत्रध्यानाचा वैदिक आधार : एक चिकित्सा

मंत्रध्यान वेदकाळापासून अखंड चालत आले आहे, असे विधान योगविषयक लेखनात वारंवार आढळते. त्याच्या पुष्ट्यर्थ बहुधा गायत्री मंत्र पुढे केला जातो. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील (३.६२.१०) ही ऋचा विश्वामित्र ऋषीच्या नावावर असून सवितृदेवतेला उद्देशून आहे. तीत ‘धीमहि’ हे क्रियापद येते. त्याचा ‘आम्ही ध्यान करतो’ असा अर्थ घेतला की वेदातच मंत्रध्यान सापडल्याचे समाधान मिळते. प्रस्तुत लेखात या आधाराचीच चिकित्सा अभिप्रेत आहे.

‘धीमहि’ हे ‘ध्यै’ धातूचे नियमित रूप नव्हे. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ ते ‘धा’ (धारण करणे, प्राप्त करणे) या धातूपासून साधतात. त्यानुसार सवित्याचे श्रेष्ठ तेज आपणांस लाभावे, अशी ही प्रार्थना ठरते. चौदाव्या शतकात सायणाचार्यांनी भाष्य केले तेव्हा त्यांनी ध्यानपर अर्थही स्वीकारला. ही भाष्यकाराची चूक मानणे अन्यायाचे होईल. तोवर ही ऋचा संध्योपासनेतील जपाचे केंद्र बनून शतके लोटली होती. भाष्याने रूढ उपयोगाला अर्थाचे अधिष्ठान दिले, इतकेच.

मात्र यावरून ऋग्वेदात अंतर्मुखता नव्हतीच, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. याच ऋचेचा शेवटचा चरण ‘धी’ला प्रेरणा मिळावी असे मागतो. ‘धी’ म्हणजे निव्वळ बुद्धी नव्हे. यान गोंडा यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैदिक कवींच्या दृष्टीविषयीच्या ग्रंथात या शब्दामागील दर्शनाची कल्पना सविस्तर उलगडली आहे. ऋषीला अंतःकरणात काही दिसते आणि त्याची ऋचा होते. येथे दर्शनातून मंत्र जन्मतो. उत्तरकालीन साधकाच्या हाती मंत्र सिद्धच असतो आणि त्याच्या आवर्तनातून तो दर्शनाची अपेक्षा करतो. प्रवासाची दिशाच उलटली आहे. अखंडतेचे विधान करणारे लेखक नेमके हेच लक्षात घेत नाहीत.

या दोन टोकांच्या मध्ये यज्ञसंस्था उभी आहे. तेथे मंत्राचे प्रयोजन विनियोगाने ठरते : कोणत्या कर्मात, कोणी, कोणत्या स्वरात उच्चारायचा. अर्थ इतका दुय्यम झाला की मंत्र अनर्थक आहेत, असे कौत्साचे मत यास्काला निरुक्तात खोडून काढावे लागले. जैमिनीलाही हाच वाद हाताळावा लागला. केरळातील पांजाळ येथे १९७५ मध्ये झालेल्या अग्निचयनाचा अभ्यास करणारे फ्रिट्स स्टाल जवळपास कौत्साच्याच बाजूला गेले. त्यांचे निरीक्षण सूक्ष्म आहे. पण यज्ञातील उपयोगावरून मंत्राचे एकूण स्वरूप ठरविणे हा अतिरेक होय.

पुढील स्थित्यंतर सावकाश घडले. छांदोग्य उपनिषदाचा आरंभ ओंकाराच्या उपासनेने होतो, परंतु तो ओंकार अजून सामगानातील उद्गीथाशी जोडलेला आहे. मनुस्मृती (२.८५) विधियज्ञापेक्षा जपयज्ञ दहापट, उपांशू जप शंभरपट आणि मानस जप हजारपट श्रेष्ठ ठरविते. आवाज जसजसा आत जातो तसतसे मोल वाढते. यज्ञाचे नाव मात्र सुटत नाही. योगसूत्रांत (१.२८) प्रणवाच्या जपाबरोबर त्याच्या अर्थाची भावना सांगितली आहे. आज ज्याला मंत्रध्यान म्हटले जाते त्याचे स्पष्ट रूप येथे दिसते, आणि येथे वेदी, हविर्द्रव्य व ऋत्विज यांपैकी कशाचीही गरज नाही.

अधिकाराचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. मनूचा मानस जप कितीही अंतर्मुख असला तरी तो उपनयन झालेल्या द्विजापुरताच होता. स्त्रीशूद्रांना वेदमंत्र वर्ज्यच राहिला. महाराष्ट्रात ज्ञानदेवांच्या नावाने प्रचलित असलेल्या हरिपाठाने जपाची महती कायम ठेवली, पण जपायचे ते हरीचे नाम, आणि त्यासाठी ना मुंज लागते ना स्वरशास्त्र.