लग्न 'लागते', संसार 'होतो' : विवाहसंहितेतील 'आपण'चा शोध

मराठीत लग्न ठरते, जुळते, लागते, पार पडते. मुलगी दिली जाते, मुलगा उजवला जातो. मुलगी सासरी रुळते. ती आणि तिचा नवरा मिळून कोठे रुळतात, असे वाक्य कोणी सहसा बोलत नाही. 'लग्न करणे' हा प्रयोग भाषेत आहे, परंतु घरच्यांच्या तोंडी 'त्याने लग्न केले' हे वाक्य आले की त्यात बहुधा तक्रारीचा सूर असतो. विवाह ठरवणारे आणि संसार मांडणारे जोडपे व्याकरणदृष्ट्या कर्त्याच्या जागी क्वचितच येते. मराठी समीक्षेने विवाहाचा विचार विषय म्हणून पुष्कळ केला : बालविवाह, विधवाविवाह, विषमविवाह. विवाहात कोण बोलतो आणि कोणाच्या वतीने बोलतो, हा प्रश्न मात्र समाजशास्त्राकडे सोपवून ती मोकळी झाली. प्रस्तुत लेखात हा प्रश्न वाङ्मयीन म्हणून मांडावयाचा आहे, आणि त्यासाठी फुल्यांच्या मंगलाष्टकांपासून वऱ्हाडातील एका विवाहापर्यंत व एका कादंबरीपर्यंत जावयाचे आहे.

जे. एल. ऑस्टिन याने उक्ती ही कृती कशी ठरते हे दाखवताना विवाहविधीतील संमतीचे उदाहरण घेतले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानांतील हे उदाहरण आपल्याकडे सिद्धान्ताच्या वर्गात जसेच्या तसे सांगितले जाते. ते आपल्या मांडवात बसवून पाहिले तर काय दिसते? कन्यादानाचा संकल्प वधूपिता उच्चारतो. प्रथमपुरुषी एकवचन त्याचे. वर जे म्हणतो ते पुरोहिताच्या मागून, संस्कृतात. वधूच्या वाट्याला तेही फारसे येत नाही. मंगलाष्टके इतर म्हणतात आणि 'सावधान' हा इशारा ज्यांना द्यावयाचा ते दोघे अंतरपाटाच्या दोन बाजूंना निमूट उभे असतात. त्याआधी साक्षगंध झालेले असते, देण्याघेण्याची यादी झालेली असते. तेथेही बोलणी वडीलधाऱ्यांची. वधूला बोलण्याची मुभा मिळते ती उखाण्यात, आणि तोही आग्रहाने वदवून घेतलेला असतो. म्हणजे ज्या उक्तीने विवाह घडतो ती उक्ती ज्यांचा विवाह त्यांची नसते. ऑस्टिनचा सिद्धान्त यामुळे खोटा ठरत नाही. पण त्याने गृहीत धरलेला 'मी' किती स्थानिक आहे, हे उघड होते.

ही व्यवस्था जोतीराव फुले यांनी नेमकी ओळखली होती. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ची. सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा ग्यानोबा निंबाळकर यांचा पहिला सत्यशोधक विवाह त्याच वर्षी २५ डिसेंबरला झाला. मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका १८८७ साली निघाली. या पुस्तिकेचा उल्लेख चळवळीच्या इतिहासात नेहमी होतो, वाङ्मयाच्या इतिहासात अपवादानेच. वस्तुतः तिच्यातली रचनात्मक करामत विलक्षण आहे. वृत्त शार्दूलविक्रीडितच, म्हणजे मांडवातल्या कानाला सवयीचे. चालही ओळखीची. बदलतो तो वक्ता. पुरोहिताच्या व आप्तेष्टांच्या तोंडचे कडवे काढून फुले ते वराच्या आणि वधूच्या तोंडी आळीपाळीने देतात. स्त्रियांचे अधिकार स्थापण्यासाठी आपण झटतो असे वर सांगतो, आणि वधू त्याच्याकडून त्याविषयी शपथ मागते. इतर सर्व स्त्रिया मला बहिणी, असे तो म्हणतो; इतर सर्व पुरुष मला बंधू, असे ती. पातिव्रत्य नावाची एकतर्फी कल्पना येथे दुतर्फी होते, आणि त्यासाठी फुल्यांना एकही प्रबंध लिहावा लागत नाही. दोन समांतर ओळी पुरतात. आशय रूपातून घडतो, असे आपण सांगत असतो. त्याचे याहून सुबोध उदाहरण पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासाठी शोधावे लागेल.

संवाद ही फुल्यांची आवडती रीत. 'गुलामगिरी' (१८७३) धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संभाषणातून उलगडते. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' (१८९१) प्रश्नोत्तरांतून. परंतु तेथे एक जण विचारतो आणि दुसरा सांगतो. ज्ञानाचा ओघ एका दिशेने असतो. मंगलाष्टकांत तसे नाही. वधू शंका विचारीत नाही, अट घालते, आणि वराला उत्तर देणे भाग पडते. फुल्यांच्या संवादरूपाने गाठलेली समतेची ही सर्वांत पुढची जागा आहे, असे माझे मत आहे. तिची मर्यादाही नोंदवली पाहिजे. वधूचे शब्द जोतीरावांनी लिहिलेले आहेत. दोघांना 'मी' मिळतो, पण तो पाठ केलेला. आणि दोन 'मीं'चा करार झाला तरी 'आपण' तयार होतोच असे नाही. मराठीने ऐकणाऱ्याला वगळणारा 'आम्ही' आणि त्याला सामावणारा 'आपण' असे दोन शब्द दिलेले आहेत. दोघांनी मिळून बेत करावयाचा तर तो दुसऱ्या शब्दातच करावा लागतो.

या दृष्टीने नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील एका घराण्याकडे पाहण्यासारखे आहे. याच तालुक्यातील पापळचे पंजाबराव देशमुख (१८९८-१९६५) विलायतेत वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उद्गमविकासावर प्रबंध लिहून, बॅरिस्टर होऊन परतले, आणि १९२७ साली त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी विवाह केला. वर कुणबी, वधू सोनार. अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला तो याच सुमारास. अशा विवाहाचा भाषिक संदर्भही ध्यानात घ्यावा. १८७२च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करावयाची तर आपण हिंदू नाही असे जोडप्याला जाहीर करावे लागे. विवाहासाठी उच्चारावयाचे पहिले वाक्यच नकाराचे होते. नागपूरच्या हरिसिंग गौर यांच्या खटपटीने १९२३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर हिंदू म्हणून राहूनही ते शक्य झाले. आंतरजातीय विवाहाला स्वतःच्या तोंडाने 'होय' म्हणण्याची सोय कायद्याने केली, तिला तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती.

आपल्या गौरवचरित्रांची रीत अशी की असा विवाह सुधारकाच्या कर्तृत्वाच्या यादीत जाऊन बसतो : वसतिगृह, मंदिरप्रवेश, आंतरजातीय विवाह. जणू विवाहही त्यांनी एकट्यानेच केला. मुंबईत वाढलेली मुलगी वऱ्हाडात, परक्या जातीच्या गोतावळ्यात येते, पुढे कायद्याची पदवीधर होते, राज्यसभेवर जाते. या वाटचालीची आखणी दोघांनी मिळून केली असणार, पण चरित्र या वाङ्मयप्रकाराला दोन कर्त्यांचे वाक्य पेलत नाही. पतीच्या चरित्राला लग्नाचा दिवस पुरतो; त्यापुढचे दिवस पत्नीच्या आठवणींकडे जातात. रमाबाई रानडे यांच्या १९१०च्या पुस्तकाच्या शीर्षकात 'आमच्या आयुष्यांतील' असे आहे, ते उगीच नव्हे. अकराव्या वर्षी, १८७३ साली झालेल्या लग्नात त्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता आणि पतीच्या मनातही ते लग्न नव्हते. 'आमच्या' हे सर्वनाम त्यांनी संसार सरल्यावर, लेखनातून मिळवले. तरी तो 'आम्ही'च. 'स्मृतिचित्रे'मध्ये (१९३४-३६) लक्ष्मीबाई टिळक या सर्वनामाची मिस्कीलपणे वासलात लावतात. तेथे टिळक एका वाटेने निघतात आणि संसार दुसऱ्या.

वऱ्हाडापुरते बोलायचे तर 'आपण'चा खरा कस उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) लागतो. लग्न या कादंबरीच्या बाहेर राहते. विषय आहे बिऱ्हाड. सासरच्या एकत्र घरातून बाहेर पडावे आणि माहेरच्या गावी नव्याने संसार मांडावा हा बेत कौतिकचा. महादेव त्यात आहे, पण कर्ता म्हणून नाही. एक धंदा धरतो, सोडतो. 'धग'वरील बहुतेक चर्चा दारिद्र्य आणि बोली या दोन खुंट्यांना बांधलेली आहे. बोलीच्या चर्चेत म्हणी, उच्चार, शब्दसंग्रह यांची नोंद होते. कौतिक नवऱ्याशी बोलताना कोणती क्रियापदे वापरते, आज्ञार्थ कोठे येतो, विध्यर्थ कोठे आणि उत्तर न मिळाल्यावर ती वाक्य कसे पुरे करते, हे कोणी तपासले नाही तर वऱ्हाडी बोली ही केवळ प्रादेशिक रंग म्हणून उरते. प्रमाण मराठीच्या अंगाने जाणारे निवेदन आणि वऱ्हाडी संवाद यांच्या सांध्यावर कौतिकचा 'आपण' पुन्हा पुन्हा उभा राहतो. तो व्याकरणात दोघांचा असतो, आणि निभावते ती एकटीच.