‘अधांतर’मधील भावंडे : गिरणगावातील कुटुंब आणि पौगंडावस्था

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. या संपाने लालबाग-परळमधील कुटुंबांची जी वाताहत केली, तिचे चित्रण जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात आढळते. नाटकातील नरूची गुन्हेगारी ही बेकारीची अटळ परिणती होय, असा अर्थ बहुधा लावला जातो. तो अपुरा वाटतो. एकाच खोलीत वाढलेला बाबा लेखनाची स्वप्ने पाहतो, मोहन क्रिकेटमध्ये रमतो आणि नरू टोळीकडे वळतो. दारिद्र्य तिघांचे समान आहे. वाटा मात्र भिन्न आहेत.

या भिन्नतेचे मूळ कुटुंबाच्या बदललेल्या रचनेत शोधावे लागते. गिरणगावात बापाच्या ओळखीने मुलगा प्रथम बदली कामगार म्हणून लागे व पुढे कायम होई. घरातले जेवण, झोप आणि शांतता पाळीच्या भोंग्यावर चाले. मुलाला हा मार्ग नकोसा असला, तरी नाकारण्यासाठी का होईना, समोर काही निश्चित होते. एरिक्सन यांनी पौगंडावस्थेतील मध्यवर्ती पेच ‘अस्मिता विरुद्ध भूमिकासंभ्रम’ असा मांडला आहे. संपानंतर गिरणगावातील मुलांसमोर स्वीकारण्यासारखी भूमिका उरली नाही आणि बंड करावे असा धाकही उरला नाही. दिवसभर घरी बसलेल्या बापाची नजर चुकवण्यासाठी मुलगा नाक्यावर जाऊ लागला. (दहा बाय बाराच्या खोलीत नजर चुकवायला दुसरी जागा तरी कोणती?)

नाटकातील भावंडे वयाने तरुण आहेत. त्यांची पौगंडावस्था रंगमंचावर येत नाही. ती त्यांच्या बोलण्यातील तुसडेपणातून आणि परस्परांवरील दोषारोपांतून वाचावी लागते. बाबाचे लेखनाचे वेड हे नरूच्या दांडगाईचेच सभ्य रूप आहे: दोघांनाही घराबाहेर कोणीतरी ओळखावे असे वाटते. आईची माया यात कमी पडत नाही. पण जेवू घालणे तिच्या हाती आहे, ओळख देणे नाही.

या नाटकावर आधारित, महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘लालबाग परळ’ (२०१०) या चित्रपटात टोळीतील हिंसा ठळक झाली आणि हे घरगुती धागे पुसट झाले. नाटकात नरू घरात असतानाच अधिक भयप्रद वाटतो, कारण तेथे तो अजून धाकटा मुलगाच असतो.